रात्री अडीचला बोंबलणारा कार अलार्म

आमच्या जुन्या गाडीला बाहेरून बसवलेला अलार्म आहे. पावसाळ्यात तो ओळीने तीन रात्री बोंबलला. चौथ्या दिवशी शेजारचे काका माझ्याकडे नुसते बघत राहिले, तेव्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

रिमोटचा दिवा मिणमिणत असेल तर आधी सेल बदला. माझ्या रिमोटमध्ये १२ व्होल्टचा २३ए आहे, काहींत ३ व्होल्टचा चपटा सीआर२०३२. इंजिन बंद ठेवून गाडीची बॅटरीही मोजा. ती १२.६ व्होल्टच्या आसपास हवी.

माझा खरा चोर निघाला बॉनेटचा पिन स्विच. बॉनेट बंद असताना त्याची दांडी दबलेली असते आणि वायर सुटी राहते. दांडी वर आली की वायर गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडली जाते (अर्थिंग होतं) आणि सायरन वाजतो. ओल आणि गंज मिळून तेच काम करतात. एक रात्र ती वायर काढून, टोकाला टेप गुंडाळून ठेवली. शांतता! सकाळी पॉलिश पेपरने घासलं, गंजाचा लाल भुगा बोटांना लागला.

तरीही वाजत असेल तर डॅशबोर्डखालच्या शॉक सेन्सरचा (गाडीला बसलेला धक्का ओळखणारा भाग) छोटा स्क्रू पाव फेरा कमी करा. मग गाडीच्या दारालगतच्या खांबावर मूठ आपटून बघा, काचेवर नको.

रिमोट अलार्मशी पुन्हा जोडायची वेळ आली तर सगळे रिमोट जवळ घ्या, काही मॉडेलांत जुन्या रिमोटची नोंद पुसली जाते. इग्निशन ऑन करून व्हॅले बटण (अलार्म तात्पुरता बंद ठेवायचं छोटं बटण) दाबायचं. किती वेळा, ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, पुस्तिकेत बघा. सायरन चिवचिवला की लगेच रिमोटचं लॉक बटण दाबा.