कीबोर्डचा टच गेला? पॅनेल मागवण्याआधी शेपटी बघा

श्रावण लागला की मला ठरलेले फोन येतात. "काका, टच गेलाय. नवीन पॅनेल कितीला पडंल?" गणपती तोंडावर असतात, ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या असतात आणि वीस-पंचवीस वर्षांचा सिंथ, म्हणजे बोटानं दाबायचा पडदा असलेला कीबोर्ड, नेमका तेव्हाच रुसतो. मी उलट विचारतो, "मल्टिमीटर लावलास का?" पलीकडे शांतता.

टच गेला म्हणजे पडद्यावरचं दाबायचं पॅनेल गेलं, हे कुणी कुणाच्या डोक्यात भरवलंय कळत नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मशीनमध्ये पॅनेल धडधाकट निघालं. कुठं कडेला गुलाल अडकलेला, कुठं पॅनेलला बोर्डाशी जोडणारी शेपटी सुटलेली. पैसे पॅनेलवर गेले आणि दोष तसाच राहिला, अशी माणसंही बघितलीत.

आधी एक गोष्ट समजून घ्या. १९९५ साली कोर्गचा ट्रिनिटी आणि १९९९ साली ट्रायटन आला, तेव्हा मोबाइलचा आजचा टच बाजारात नव्हता. आयफोनच २००७ चा. त्या काळातल्या सिंथवर दाबाचा टच असतो. खाली काच, वर पातळ प्लास्टिकची फिल्म, दोन्हींच्या आतल्या बाजूला वीज वाहणारा पारदर्शक थर आणि मधे डोळ्याला जेमतेम दिसणारे ठिपके, दोन्ही थर एकमेकांपासून लांब ठेवायला. तुम्ही दाबता, फिल्म वाकते, थर टेकतात, कुठं टेकले ते मशीन मोजतं. म्हणून हा टच नखानं, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं, हातमोजा घालूनही चालतो. आणि म्हणूनच मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली काच इथं काडीच्या उपयोगाची नाही.

दिसत नाही आणि दाबत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत. पडदा अंधूक झाला असेल तर तो आतला बॅकलाइट. हा लेख त्याच्यासाठी नाही.

मशीन उघडण्याआधी

तुमचे टोन आणि सेटिंग फ्लॉपीवर किंवा कार्डवर काढून घ्या. टच बंद असला तरी बाणांच्या बटणांनी बरंच काम होतं. ट्रायटनच्या घराण्यात एंटर दाबून धरून आकड्याचं बटण दाबलं की पानावरच्या मेनूतली आज्ञा निवडता येते. त्याच वाटेनं ग्लोबल नावाच्या सेटिंगमधलं कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची जागा पडद्याशी जुळवणं, एकदा करून बघा. बोट एकीकडे आणि निवड दुसरीकडे, पण फरक सगळीकडे सारखाच, एवढीच तक्रार असेल तर काम इथंच संपलं.

पडदा आपोआप दाबल्यासारखा उड्या मारत असेल तर मशीन बंद करा आणि जाड कागदाची सरळ कड, लग्नपत्रिकेचा तुकडा चालेल, चौकट आणि फिल्म यांच्या फटीतून चारही बाजूंनी हळूच फिरवा. ब्लेड नाही, पट्टी नाही, सुई तर नाहीच. आपल्याकडच्या कीबोर्डांनी विसर्जनाच्या मिरवणुका बघितलेल्या असतात, काहींनी जोतिबाची चैत्र यात्रासुद्धा. एका मशीनच्या फटीतून इतका गुलाल निघाला की मालकानं तिथंच चांगभलं म्हटलं. साठलेली भुकटी फिल्मची कड सतत दाबून धरते आणि मशीनला वाटतं, कुणीतरी बोट ठेवलंय.

एवढ्यानं भागलं नाही तर मशीन उघडा. गादीवर पालथं, वायर भिंतीतून काढलेली, स्क्रू कुठला कुठं होता त्याचा फोटो. पडद्याजवळ बॅकलाइटचा इन्व्हर्टर असतो आणि चालू मशीनमध्ये त्याच्यावर शेकडो व्होल्ट असतात. बंद केल्यावरही चहा पिऊन येईपर्यंत आत बोट घालू नका.

शेपटी

आता जिथं मी स्वतः तोंडावर आपटलो ती जागा.

पॅनेलच्या काचेपासून एक पातळ प्लास्टिकची पट्टी निघते आणि बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये जाते. तिच्यावर चार रेघा असतात, दोन वरच्या थराच्या, दोन खालच्या. आम्ही तिला शेपटी म्हणतो. या रेघा तांब्याच्या असतील असं समजू नका. पुष्कळ शेपट्यांवर त्या चांदीच्या किंवा कार्बनच्या शाईनं छापलेल्या असतात, आणि काचेला त्या जोडलेल्या असतात वीज वाहून नेणाऱ्या गोंदानं, उष्णता देऊन दाबून. वीस पावसाळे काढल्यावर तो गोंद कंटाळतो. जुलैत आपल्याकडं दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथं गोंदाचं काय घेऊन बसलात!

माझ्या पहिल्या सिंथचा आडवा टच गेला होता. वर-खाली कळायचं, डावं-उजवं नाही. गणपतीला चार दिवस. एका जाणत्या माणसानं सांगितलं, खोडरबरानं घास, सगळं लख्ख होतं. मी घासलं. रेघेचं टोकच खोडरबरावर आलं. मग डोकं चालवलं आणि उरलेल्या रेघेला सोल्डर लावायला गेलो. पट्टी कढईतल्या पापडासारखी कडेनं वळली आणि अर्ध्या मिनिटात पॅनेलच संपलं. तो सगळा सीझन मी बटणं दाबून काढला. प्रत्येक गाण्याआधी टोन बदलायला सात-आठ वेळा बटण, आणि शेजारी ढोलकीवाला हसतोय.

म्हणून ठासून सांगतो. शेपटीवर खोडरबर नाही, पॉलिश पेपर नाही, सोल्डर तर आयुष्यात नाही. इंटरनेटवर गरम इस्त्री फिरवायचा सल्लाही मिळेल. ज्याला दुसरं पॅनेल फुकट मिळतंय त्यानं फिरवावी.

शेपटी काढतानाही घाई नको. काही कनेक्टरचं झाकण वर उचलायचं असतं, काहींचे दोन्ही बाजूंचे कान मिलिमीटरभर पुढं ओढायचे असतात, काहींत पट्टी नुसती घट्ट बसलेली असते. भिंग घेऊन आधी बघा. कान असतील तर दोन अंगठ्यांच्या नखांनी, दोन्ही बाजू एकदम. इतकं जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला दयामाया नसते.

शेपटी सुटली की मीटर ओहमवर लावा. टोकं दाबून खरवडू नका, नुसती टेकवा. चार टोकांच्या सहा जोड्या होतात. पडद्याला कुणी हात लावलेला नसताना त्यातल्या दोनच जोड्यांनी आकडा दाखवला पाहिजे, साधारण काहीशे ओहम. ती एकाच थराची दोन टोकं. उरलेल्या चार जोड्या पूर्ण उघड्या पाहिजेत, आणि पडदा बोटानं दाबला की त्यांच्यातही आकडा यायला हवा. कुठली जोडी कुठल्या थराची ते कागदावर लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

दोन्ही थर आकडा दाखवत नसतील किंवा एकच दाखवत असेल, तर शेपटी काचेला जिथं चिकटलीय तिथं अंगठ्यानं दाबून पुन्हा मोजा. दाबल्यावर आकडा आला आणि सोडल्यावर गेला, तर आनंदानं चहा मागवा: जोड सुटलाय, पॅनेल जिवंत आहे. हात न लावताच दोन थरांमध्ये आकडा दिसत असेल तर चौकटीचे स्क्रू अर्धा वेढा सैल करून पुन्हा मोजा. आकडा गेला तर चौकट जास्त आवळली होती, बाकी काही नाही. सगळे आकडे बरोबर असतील तर दोष कनेक्टरमध्ये किंवा बोर्डात. आणि पडद्याच्या उड्या शेपटी सुटलेली असतानाही चालूच राहिल्या, तर पॅनेलला दोष देऊ नका.

पॅनेल मधेच झिजलंय का हे बघायची एक पद्धत मी कधीच चुकवत नाही. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, भिंतीवरच्या घड्याळातला चालतो. तो एका थराच्या दोन टोकांना जोडा. मीटर व्होल्टवर ठेवून काळी तार सेलच्या वजा टोकाला आणि लाल तार दुसऱ्या थराच्या कुठल्याही एका टोकाला. आता पडद्यावर बोट दाबून एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सावकाश सरकवा. व्होल्ट शून्याच्या जवळून दीडच्या दिशेनं, किंवा उलट, हळूहळू सरकले पाहिजेत. सरकत नसतील तर दिशा बदला, आडव्याऐवजी उभं. मग सेल दुसऱ्या थराला लावून तेच करा. मधेच आकडा उडाला किंवा मेला, तर त्या जागी थर झिजलाय. जिथं रोज तेच बटण दाबलं जातं तिथंच हे होतं. असं पॅनेल बदलायचंच, त्याला उपाय नाही.

सुटलेल्या जोडाचा इलाज मात्र स्वस्त आहे. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन जोडाची जागा नुसती पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग एका बाजूला गोंद असलेल्या स्पंजच्या पट्टीचा बारीक तुकडा कापा, जोडाएवढाच लांब, आणि तो चौकटीच्या आतल्या अंगाला असा लावा की चौकट बसली की स्पंज जोड दाबून धरेल. इथं जाडीचा खेळ आहे. पातळ पडला तर जोड पुन्हा सुटतो, जाड झाला तर फिल्म वाकून थर टेकतात आणि पडदा उड्या मारायला लागतो. मी दोन मिलिमीटरपासून सुरुवात करतो, चौकट बसवतो, मीटर लावतो, काढतो, स्पंज सोलतो, पुन्हा बसवतो. चार वेळा, पाच वेळा. कंटाळा येतो. पण असा बसवलेला माझा एक तुकडा सहा पावसाळे टिकलाय, त्यामुळे याला जुगाड म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

शेपटीची रेघ मधेच तडकली असेल तर वीज वाहणारा चांदीचा रंग मिळतो. तो टूथपिकच्या टोकानं अगदी पातळ लावायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. शेजारच्या रेघेला चिकटला नाही ना, हे मीटरनं बघायचं.

पॅनेल बदलायचंच असेल तर

कोल्हापुरात राजारामपुरीतली म्युझिकची दुकानं फिरू नका. कागल किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, शिवाजी उद्यमनगरात जी माणसं सीएनसी आणि कारखान्यातल्या इतर मशीनचे एचएमआय, म्हणजे मशीनला आज्ञा द्यायचे, पडदे दुरुस्त करतात, त्यांना विचारा. त्यातल्या पुष्कळ पडद्यांवर हाच चार तारांचा दाबाचा टच असतो आणि ५.७ इंच हे तिथलं नेहमीचं माप. फाउंड्रीच्या शहरात राहतो याचा एवढा तरी फायदा घ्या. मात्र इंच सांगून मागवू नका. काचेची बाहेरची लांबी-रुंदी, जाडी, दाबता येणारा भाग, शेपटी कुठल्या बाजूला आणि कडेपासून किती अंतरावर, दोन रेघांमधलं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये मोजून द्या.

आणि रेघांचा क्रम! माप तंतोतंत जुळलं तरी दोन कंपन्यांच्या शेपट्यांवर रेघांचा क्रम वेगळा असू शकतो. म्हणून तो कागद जपून ठेवायला सांगितलं. नव्या पॅनेलच्या जोड्या तसंच मोजून जुन्याशी ताडा. जुळत नसेल तर परत पाठवा. डावं-उजवं उलटं झालं तर ते कॅलिब्रेशनमध्ये कधी कधी निभतं, पण आडव्याचं उभं झालं तर निभत नाही.

जुनं पॅनेल पडद्याला दुतर्फी टेपनं चिकटवलेलं असतं. हेअर ड्रायर लांबून, कोमट, आणि मग पतंगाचा नव्हे, मासे धरायचा नायलॉनचा दोरा कडेनं करवतीसारखा ओढा. खाली पडद्याची काच आहे, तिला उचकटलंत तर मला फोन करू नका. पंखा बंद ठेवा, नाहीतर धुळीचा एक कण आयुष्यभर मधे बसून तुमच्याकडे बघत राहील.

बसवणं म्हणजे हेच उलट्या क्रमानं.

शेपटी सरळ आत गेली, कान बंद झाले, की झाकण नुसतं टेकवून, आत हात न घालता मशीन चालू करा. कॅलिब्रेशन पेन्सिलीच्या मागच्या टोकानं करा, बोटानं नाही. खूण बारीक आणि बोट जाड. मग चारही कोपरे दाबा, पडद्यावरचा एखादा स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा आणि पाच मिनिटं हात न लावता मशीन तसंच ठेवा. आपोआप काही दाबलं गेलं नाही तर बंद करा, वायर काढा आणि मगच खालचे स्क्रू लावा. एकदा मी सगळे छत्तीस स्क्रू आवळून मग चालू केलं होतं, आणि स्पंज अर्धा मिलिमीटर जाड निघाला.