लिफ्टमध्ये मिठी नाही, नमस्कार: स्पेशल मुलांना शरीर आणि नाती कशी शिकवायची

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आम्ही खारघरला राहतो. लहानपणी लिफ्टमध्ये कुणालाही मिठी मारायचा, सगळ्यांना गोड वाटायचं, मग मिसरूड फुटलं आणि त्याच मिठीची तक्रार सेक्रेटरीकडे गेली. चूक आमचीच, दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तुम्ही एवढं थांबू नका.

आधी नावं. नुनू-बिनू सोडा, आंघोळीच्या वेळी लिंग, योनी, छाती असं सरळ म्हणा, उद्या कुणी हात लावला तर नेमकं सांगता आलं पाहिजे.

मग गोल. फरशीवर खडूने एकात एक चार काढायचे, मधे तो, मग घरचे, मग मित्र आणि टीचर, सगळ्यात बाहेर वॉचमन, रिक्षावाले, अनोळखी. गोलात फोटो ठेवा आणि कुणाला मिठी, कुणाला टाळी, कुणाला लांबूनच नमस्कार ते करून दाखवा. नुसतं बोलून काही होत नाही हो, लिफ्टमध्ये नेऊनच प्रॅक्टिस, आम्हाला ३ महिने लागले.

हस्तमैथुनाशी आलं की सगळे आईबाप गप्प. मी तर "शी, घाण" म्हणून हातावर फटका दिला, नंतर कितीतरी दिवस तिथे दुखलं खुपलं तरी तो मला सांगेना. म्हणून ओरडू नका, जागा शिकवा: आपली खोली किंवा घरचं बाथरूम, दार बंद, एकट्याने, नंतर हात धुवायचे. आम्ही बंद दाराचं चित्र चिकटवलंय, हॉलमध्ये हात पॅन्टीत गेला की मी फक्त तिकडे बोट दाखवते.

मुलगी असेल तर पाळी यायच्या आधीच पॅडवर लाल रंग टाकून लावायची-काढायची सवय करा.

"नको" म्हणायलाही शिकवा, आपण या मुलांना दिवसभर ऐकायलाच लावतो ना. आत्याने पापी मागितली, तो नको म्हणाला, तर विषय तिथेच संपला, आत्या रुसली तरी चालेल.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, १८ पूर्ण होईपर्यंतच लागतो. त्यात मनाचं वय धरत नाहीत, जन्मतारखेचंच वय, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तसं सांगितलंय. लहान मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. आणि अडलात तर खारघरलाच राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे लाज न बाळगता विचारा.

सध्या त्याला वर्गातली एक मुलगी आवडते. हात धरण्याआधी "धरू?" विचारायचं, एवढंच शिकवतेय. परवा ती नाही म्हणाली, तर साहेब डबा न खाता घरी आले.