आयर्लंडचे पब, कबरी आणि मनोरे टिपायला निघण्यापूर्वी

सुरुवात कागदपत्रांपासून करा. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडला जायचे तर आधी व्हिसा काढावा लागतो आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा तिथे चालत नाही. बेलफास्टही बघायचे असेल तर ते शहर युनायटेड किंग्डममध्ये येते. भारतातून अर्ज करणाऱ्यांना ब्रिटिश-आयरिश योजनेत एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येते, पण त्यावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा हवा. पासपोर्ट हातात पडला की तो शेरा आधी बघून घ्या. बेलफास्टला एका ‘क्राउन लिकर सलून’साठी जरी गेलात तरी फेरा सार्थकी लागतो. रंगीत टाइल्स, कोरीव लाकडाचे बंदिस्त कप्पे आणि गॅसचे दिवे असलेला हा व्हिक्टोरियन पब आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचा आहे.

मग महिना ठरवा, कारण बाकी सगळी यादी त्यावर अवलंबून आहे. डब्लिन 53 अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये तिथे पहाटे पाचला उजाडते आणि सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. डिसेंबरात सकाळचे साडेआठ होऊन गेले तरी सूर्य दिसत नाही आणि दुपारी चारनंतर लगेच मावळतो. मला विचाराल तर सप्टेंबर. सूर्यास्त साडेसात-आठच्या आसपास होतो. आकाश गडद निळे असताना पबच्या खिडक्यांत दिवे लागलेले असतात आणि रस्त्यावर माणसेही असतात. जूनमध्ये याच प्रकाशासाठी रात्री साडेदहापर्यंत ताटकळावे लागते.

सामान थोडेच घ्या. पावसाळ्यात सह्याद्री तुडवणाऱ्यांकडे निम्मी तयारी असतेच: कॅमेऱ्याचे रेनकव्हर, झिपच्या पिशव्या, काच पुसायची चार-पाच फडकी, पाणी आत न घेणारे बूट. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, टोपीचे जाकीट घ्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. आपला तिथे बसत नाही, ॲडॉप्टर लागेल. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेत ठेवा. पबसाठी 35 मिमीची, एफ 1.8 पर्यंत उघडणारी लेन्स पुरते. उंचावरच्या कोरीवकामासाठी एखादी छोटी टेलिफोटो आणि एक साधी टॉर्च. ड्रोन घरीच ठेवा. राष्ट्रीय स्मारकांवर परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, आणि दफनभूमीवर त्याची घरघर कोणालाच नको असते.

पबमध्ये उघडल्या उघडल्या जा. शहरातले बरेच पब आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला उघडतात. त्या वेळी गर्दी नसते आणि खिडकीतून येणारा तिरपा उजेड काउंटरच्या लाकडावर पडलेला असतो. खेड्यातले पुष्कळ पब मात्र संध्याकाळीच उघडतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. काउंटरपाशी जाऊन आधी काही मागवा, चहा मागितला तरी चालतो. मग फोटो काढू का म्हणून विचारा, आणि एखादा गिऱ्हाईक चौकटीत येणार असेल तर त्यालाही वेगळे विचारा. फ्लॅश नको. आतले बल्ब पिवळे आणि खिडकी निळसर, म्हणून रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपा, रंग नंतर जुळवता येतात. स्टाउटचा (गडद काळसर बिअरचा) ग्लास दोन टप्प्यांत भरतात आणि मधल्या वेळात फेस खाली-वर होत निवळत जातो. तो क्षण हवा असेल तर चौकट आधीच लावून बसा. संगीताची बैठक चालू असेल तर वादकांचा कोपरा मोकळा सोडा आणि दोन चालींच्या मधल्या वेळात विचारा. मुले बरोबर असतील तर साधारण रात्री नऊनंतर, मे ते सप्टेंबरमध्ये दहानंतर, त्यांना पबमध्ये बसता येत नाही.

पबच्या वयाचे दावे मात्र जपून लिहा. अ‍ॅथलोनचा ‘शॉन्स बार’ इ. स. 900 सांगतो, डब्लिनचा ‘ब्रेझन हेड’ 1198 सांगतो, पण ‘ब्रेझन हेड’ची आजची इमारत 1754 ची आहे. फोटोखाली ‘असे सांगितले जाते’ एवढे तरी असावे. डब्लिनमधल्या ग्लासनेविन दफनभूमीला लागून 1833 पासून ‘जॉन कॅव्हनाज’ आहे, लोक त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणतात. तिथे टीव्ही नाही, गाणी नाहीत. शेजारच्या अंत्यविधीहून आलेली माणसे तिथे बसलेली असू शकतात, म्हणून या एका पबात कॅमेरा बराच वेळ बॅगेतच राहू द्या.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती चर्चच्या आवारांसाठी. मॉनस्टरबॉइस या जुन्या मठाच्या जागी म्युरेडाखचा दगडी क्रूस आहे, साडेपाच मीटरच्या आसपास उंच, बायबलमधल्या प्रसंगांनी भरलेला. पश्चिमेच्या बाजूला येशूचे क्रूसारोहण, पूर्वेच्या बाजूला अंतिम न्याय. हजार वर्षांच्या पावसाने कोरीवकाम झिजले आहे, त्यामुळे ऊन समोरून पडले की सगळे सपाट दिसते. सूर्य दक्षिणेला असताना ते दोन्ही बाजूंना घासून जाते आणि आकृत्या उठून येतात. उन्हाळ्यात तिथे सूर्य बरोबर दक्षिणेला येतो बाराला नव्हे, दीडच्या जवळपास, कारण घड्याळ एक तास पुढे असते आणि देशही ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे. जेवण पुढेमागे करा, पण त्या वेळी तिथे हजर राहा. पाच-दहा अंशांनी प्रकाश सरकला तरी चित्र बदलते. ढगाळ असेल तर टॉर्च दगडाच्या कडेला धरा. अक्षरे दिसावीत म्हणून खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश यातले काहीही वापरू नका. दगडावरचे दगडफूलही खरवडू नका. क्लोनमॅकनॉइस या दुसऱ्या जुन्या मठाच्या जागी मूळ क्रूस आता आत संग्रहालयात आहेत आणि बाहेर प्रतिकृती उभ्या आहेत, तेव्हा काय टिपायचे ते ठरवून जा. जुन्या आवारांत नवी दफनेही होतात. ताजी फुले किंवा माणसे दिसली की लांब राहा, आणि नव्या कबरीवरची नावे चौकटीत घेऊ नका.

गावांच्या खुणांना एवढा वेळ लागत नाही. कॉर्क शहरातल्या शँडन चर्चच्या मनोऱ्याच्या काही बाजू लाल वालुकाश्माच्या आणि काही पांढऱ्या चुनखडीच्या. दोन्ही रंग यावेत म्हणून कोपऱ्यातून उभे राहा. डब्लिनचा 1816 चा हापेनी पूल दिवे लागल्यावर नदीकाठावरून घ्या, अरुंद पुलावर ट्रायपॉड लावला तर लोकांची वाट अडते.

मराठी माणसाने डब्लिनच्या फीनिक्स पार्कमधला वेलिंग्टन स्तंभ चुकवू नये. उंची 62 मीटर. ज्याच्या नावाचा हा स्तंभ, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली; तोच 1803 मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला होता. पायथ्याच्या ब्राँझ पट्ट्यांपैकी एकीवर भारतातल्या युद्धांचे चित्र आहे. स्तंभ दुरून, पट्टी जवळून; आणि तिच्यासाठी ढगाळ दिवस राखून ठेवा, उन्हात ब्राँझ चमकते आणि चेहरे हरवतात.