ऑफिसची वेळ बदलून हवीय? आधी वही उघडा

"सर, ट्रेनला खूप गर्दी असते" एवढंच घेऊन केबिनमध्ये जाऊ नका, गर्दी त्यांनाही माहितीय. मी आठ जणांची टीम सांभाळते, असे अर्ज माझ्याकडेच येतात आणि कागदावर नीट मांडलेला असेल तर मला वर बोलता तरी येतं.

आधी दोन आठवडे टिपून ठेवा, घरातून कधी निघालो, टेबलावर कधी बसलो, काम खरं कधी उरकलं. आमची एक मुलगी डोंबिवलीहून बीकेसीला येते, आठच्या फास्टला दारात एक पाय टेकवून, मग कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाची लाईन, तिची वही बघितली तर साडेनऊला पोचली तरी साडेदहापर्यंत एकही बिल पुढे सरकलेलं नसायचं. तिला 11 ते साडेसात दिलं आणि त्याच महिन्यात बिलं परत यायची कमी झाली.

अर्जात वेळ लिहा, सगळ्यांसोबत हमखास कधी असणार ते लिहा (आमच्याकडे 12 ते 4), आणि तुम्ही नसताना क्लायंटचा फोन कोण घेणार तेही. कायमचं मागू नका, तीन महिने ट्रायल मागा. मध्य रेल्वेनेच 1 नोव्हेंबर 2023 पासून सीएसएमटीच्या आपल्या ऑफिस स्टाफला साडेनऊ किंवा साडेअकरा अशा दोन वेळा दिल्या होत्या, हे बिनधास्त लिहा.

बाळंतपणाच्या रजेवरून येणाऱ्यांनो, बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 पासून रजेनंतर घरून काम करायची सोय आहे, पण काम तसं असेल आणि दोघांचं जमलं तरच, म्हणून रजा संपायच्या आधीच बोला. 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराचंही विचारा, ते कायद्यात आहे.

आता मॅनेजर लोकांसाठी. चॅटवरचा हिरवा ठिपका बघत बसू नका, त्याने फक्त माऊस हलतो. सोमवारी कामं ठरवा, शुक्रवारी बघा. नऊवाल्याला संध्याकाळी सातला आणि अकरावाल्याला सकाळी आठला फोन करायचा नाही म्हणजे नाही, नाहीतर दोघंही बारा-बारा तास ऑनच राहतात आणि वेळ बदलून देऊन उपयोग शून्य. आणि अप्रेझलला बसताना समोर दिसणाऱ्यांचीच नावं आधी आठवतात, घरून काम करणारे मागे पडतात, हे मी होताना पाहिलंय, तेव्हा आठवणीवर जाऊ नका, शुक्रवारची यादी काढून मगच मार्क द्या.