जपानी विनाशिका ‘इकाझुची’बद्दल लिहिताना या चुका टाळा

“कॅप्टन कुदो यांनी ‘इकाझुची मारू’वरून ४४२ ब्रिटिश सैनिकांना वाचवलं आणि दोन वर्षांनी आपल्या जहाजासोबत जलसमाधी घेतली.” दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी सांगताना अशा धाटणीचं वाक्य सहज लिहून होतं. भावना खरी असते, पण या एका ओळीत चार ठिकाणी गडबड आहे. ज्या जहाजावरचा एकही माणूस शेवटी परत आला नाही, त्याच्याबद्दल लिहिताना ती दुरुस्त करायला हवी.

आधी किरकोळ चुका. जपानमध्ये ‘मारू’ हे शेपूट मालवाहू आणि प्रवासी जहाजांच्या नावाला लागतं, नौदलाच्या लढाऊ जहाजांना नाही. विनाशिकेचं नाव नुसतं ‘इकाझुची’, म्हणजे मेघगर्जना. शुनसाकु कुदो हे तिचे कप्तान होते ते जहाजाचे प्रमुख या अर्थानं. १९४२च्या मार्चमध्ये त्यांचा हुद्दा लेफ्टनंट कमांडर होता.

नावाचा घोळ मात्र मोठा. ‘इकाझुची’ १९३२ साली नौदलात दाखल झाली. अकात्सुकी, हिबिकी, इकाझुची आणि इनाझुमा या चार बहिणी. त्यातली इनाझुमा, म्हणजे वीज, बहुतेक वेळा इकाझुचीच्या सोबतच असायची. मार्च १९४२मध्ये इकाझुचीसारखेच तिनंही जावाच्या समुद्रातून शत्रूचे खलाशी उचलले, त्यामुळे एकीचं श्रेय दुसरीच्या नावावर सर्रास जातं. शिवाय हेच नाव पुढं दिलं गेलं. २०२० साली सप्टेंबरमध्ये उत्तर अरबी समुद्रात भारतीय नौदलासोबत ‘जिमेक्स’ सराव करून गेलेली इकाझुची ही आजच्या जपानी नौदलाची, पूर्णपणे वेगळी नौका. इंटरनेटवरचा फोटो उचलण्याआधी साल बघा. जुन्या इकाझुचीवर तीन जोडतोफा होत्या. फोटोत क्षेपणास्त्रांचे सांगाडे दिसले की ती आजची.

चौघींपैकी युद्धातून एकटी हिबिकी वाचली आणि १९४७मध्ये सोव्हिएत संघाकडे गेली. पण बाकीचं सगळं नुकसान युद्धाच्याच माथी मारू नका. याच मोठ्या कुळातली मियुकी शांततेच्या काळात, १९३४ साली बुडाली, तीही इनाझुमाशी टक्कर होऊन.

तारखांमध्ये आणखी एक खड्डा आहे. पर्ल हार्बर ७ डिसेंबर १९४१ आणि हाँगकाँग ८ डिसेंबर असं वाचून मध्ये एक दिवस गेला असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही हल्ले काही तासांच्या अंतरानं झाले, मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. इकाझुची तेव्हा हाँगकाँगच्या मोहिमेवर होती. जपानी नौदल कुठल्याही समुद्रात टोकियोचीच वेळ पाळायचं. त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपासची घटना लिहिताना तारीख कोणाच्या घड्याळाची, ते पाहून घ्या.

आता आकडा. ४४२ असंही छापलेलं सापडतं आणि ४२२ असंही. मी ‘चारशेहून जास्त’ असंच लिहिते. पण हे सगळे ‘एचएमएस एन्काउंटर’ या ब्रिटिश जहाजाचे होते असं जे सांगितलं जातं, ते कुठल्याच आकड्यात बसत नाही. एन्काउंटर ही स्वतःच विनाशिका, तिच्यावर माणसं दीडशेच्या आसपास. म्हणजे बाकीचे दुसऱ्या जहाजांवरचे. १ मार्च १९४२ला एन्काउंटरबरोबर ‘एक्झेटर’ ही मोठी ब्रिटिश क्रूझर आणि अमेरिकी विनाशिका ‘पोप’ याही बुडाल्या होत्या.

पण आकड्याच्या मागे लागून तो प्रसंग हातचा जाऊ देऊ नका. सॅम फॉल हे एन्काउंटरवरचे तरुण अधिकारी. जहाज बुडालं त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते पाण्यातच होते, अंगभर इंधनतेल माखलेलं. जपानी विनाशिका जवळ आली तेव्हा ती आता गोळ्या घालणार असंच त्यांना वाटलं. तिनं शिड्या सोडल्या. खलाशांनी कापसाच्या बोळ्यांनी आणि अल्कोहोलनं त्यांच्या अंगावरचं तेल पुसलं, सदरे आणि कॅनव्हासचे बूट दिले, गरम दूध आणि बिस्किटं दिली. कुदो यांनी त्यांना इंग्रजीतून सांगितलं की आज तुम्ही आमचे पाहुणे आहात. जहाजावर स्वतःची माणसं सव्वादोनशेच्या घरात, पाहुणे त्याच्या जवळपास दुप्पट, आणि भोवती पाणबुड्यांची भीती. हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

इथंच दुसऱ्या टोकाची चूक होते. या एका दिवसावरून जपानी नौदलच दयाळू होतं असं लिहू नका. फॉल आणि त्यांच्या सोबत्यांना पुढं साडेतीन वर्षं जपानी युद्धकैदी म्हणून काढावी लागली. आणि मार्च १९४३मध्ये ‘अकिकाझे’ या दुसऱ्या जपानी विनाशिकेवर सुमारे साठ नागरिकांना मारण्यात आलं. त्यात मिशनरी होते, नन्स होत्या.

राहिला शेवट. इकाझुची ग्वादलकनालच्या लढाईत जखमी झाली, दुरुस्त होऊन उत्तर पॅसिफिकमध्ये गेली. १३ एप्रिल १९४४ला ग्वामच्या दक्षिणेला ‘सान्यो मारू’ या जहाजाला संरक्षण देत असताना सॅम्युअल डीली यांच्या ‘हार्डर’ या अमेरिकी पाणबुडीशी तिची गाठ पडली. विनाशिका अंगावर येऊ दिली, अंतर ९०० यार्डांवर आलं, आणि डीली यांनी चार टॉर्पेडो सोडले. इकाझुची काही मिनिटांत बुडाली. “दोन तास झुंज दिली”, “खलाशांनी शेवटचा जयघोष केला” असं काही वाचलंत तर ते वगळा. सांगायला त्या बाजूचं कोणी उरलंच नव्हतं. आपल्याकडे तिच्या अखेरच्या क्षणांची म्हणून जी हकिगत आहे, ती मारणाऱ्याच्या अहवालातली आहे. आणि ती लिहिणारेही फार दिवस राहिले नाहीत. २४ ऑगस्ट १९४४ला फिलिपिन्सजवळ हार्डर सर्व माणसांसह बुडाली.

कुदो मात्र त्या दिवशी इकाझुचीवर नव्हते. १९४२च्या ऑगस्टमध्येच त्यांची हिबिकीवर बदली झाली होती. ते युद्धातून वाचले आणि १९७९मध्ये वारले. त्या बचावाबद्दल ते घरातही बोलले नव्हते. घरच्यांना ते कळलं फॉल यांच्यामुळे. २००८च्या डिसेंबरमध्ये नव्वदीला टेकलेले फॉल जपानला गेले, आणि टोकियोजवळच्या कावागुची शहरात कुदो यांच्या समाधीपुढे उभे राहिले.