रो-हाऊसचा प्लॅन कसा काढावा: आधी उजेड, मग जिना, खोल्या शेवटी

रो-हाऊस बांधायचं ठरलं की घरात पहिला वाद होतो तो बेडरूम किती आणि कुणाची कुठली यावर. आमच्याकडेही तेच झालं. खोल्या सगळ्यांच्या मनासारख्या झाल्या, आणि जेवणाच्या टेबलावर भर दुपारी बारा वाजता ट्यूब लावावी लागते. डावी-उजवी भिंत शेजाऱ्याला लागून, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. अशा घराचा प्लॅन खोल्यांपासून सुरू केला की फसतो.

१. हातात नेमकं किती उरतं ते मोजा

२० बाय ५०चा प्लॉट धरू. पुढे-मागे किती जागा सोडायची हे रस्त्याच्या रुंदीवर आणि नियमांवर ठरतं, ते आर्किटेक्टकडून आधीच लिहून घ्या. समजा पुढे १० आणि मागे ६ फूट सुटले, तर ३४ फूट खोल घर उरलं. दोन्ही बाजूंच्या नऊ इंची भिंती वजा केल्या की आतली रुंदी साडेअठरा फूट. लोक २० धरून फर्निचर मांडतात आणि मग दीड फूट शोधत बसतात.

२. अंधार कुठे पडणार ते रंगवा

जमिनीपासून सात फुटांवर वरची कड असलेल्या नेहमीच्या खिडकीचा उजेड आत बारा-पंधरा फुटांपर्यंत कामाचा. म्हणजे ३४ फुटांच्या घरात मधला पट्टा काळवंडणार. तो कागदावर पेन्सिलीने सरळ काळा करा. बरेच जुने वाडेही असेच अरुंद आणि लांबलचक असत, पण मधल्या चौकातून त्यांना आभाळ मिळायचं. आपल्याला चौक परवडत नाही, जिना परवडतो.

३. जिना त्या काळ्या पट्ट्यात बसवा

माझ्या मते सगळा प्लॅन इथेच ठरतो. एका स्लॅबपासून दुसऱ्यापर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. १८ पायऱ्या केल्या तर एकेक पायरी पावणेसात इंचांहून जरा कमी उंच होते. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही ती झेपते. नऊ-नऊच्या दोन रांगा, पाऊल ठेवायला १० इंच, रुंदी तीन फूट, वळणावर तीन फुटांचं लँडिंग आणि खाली चढायला तेवढीच मोकळी जागा. सगळं मिळून जवळपास पावणेतेरा फूट लांबी. दोन रांगांमध्ये फूटभर फट ठेवा, म्हणजे रुंदी सात फूट. वर गच्चीवर जिना निघतो तिथे छताला काच आणि भिंतीला जाळी द्या. उजेड त्या फटीतून तळमजल्यापर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात तापलेली हवा वरून निघून जाते. फट न ठेवता वर नुसती काच लावली, तर उजेड पहिल्या मजल्यावरच अडतो.

४. ड्रेनेजची लाइन विचारा

हे कुणी सांगत नाही. बंगल्याला बाजूने पाइप नेता येतो. रो-हाऊसला बाजूच नसते. मुख्य लाइन पुढच्या रस्त्यात आणि संडास मागे असेल तर पाइप हॉलच्या फरशीखालून जाणार. दर पाच फुटांना इंचभर उतार धरला तर ३४ फुटांत सात इंच खाली जावं लागतं. जोत्याची उंची हे बघूनच ठरवा. चेंबर घराच्या आत येऊ देऊ नका. दोन्ही मजल्यांचे संडास-बाथरूम एकावर एक घ्या आणि त्यांना हवेसाठी डक्ट ठेवा.

५. आता खोल्या

पुढे हॉल, मधे जिना आणि जेवणाची जागा, मागच्या दहा फुटांत स्वयंपाकघर आणि त्याला लागून आई-वडिलांची खोली. दोन्हींना मागची खिडकी मिळते. तळमजल्यावर एक बेडरूम आणि संडास हवाच, आज गरज नसली तरी. ओटा दोन फूट खोल, समोर फ्रिजचं दार पूर्ण उघडेल एवढी जागा. पावसाळ्यात कपडे कुठे वाळणार हेही आत्ताच ठरवा. वास्तूप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला हवं असा आग्रह असतो. पण आग्नेय नेमकी मधल्या अंधारात आली तर काय करायचं, हे घरच्यांशी शांतपणे बोलून घ्या.

६. फक्की मारा

काम सुरू होण्याआधी प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाचा प्लॅन आखा. पलंगाच्या जागी साडेसहा बाय सहाची चादर अंथरा, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते हाताने फिरवून बघा. सासूबाईंनी रेघांच्या आत उभं राहून कुकर उतरवल्याचा अभिनय केला, तेव्हा कळलं की दार बरोबर त्यांच्या पाठीवर आपटतंय.

कपाट आणि पलंग जिन्याच्या वळणावरून वर जातील का, तेही तिथेच बघायचं असतं. आम्ही नाही बघितलं. आमचा पलंग पुढच्या गॅलरीतून, दोर बांधून, अर्ध्या गल्लीच्या मदतीने वर गेला.