दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन बदलीच्या गावी जाताय? त्याची झोप अशी बसवा

बँकेच्या नोकरीत बदली काही चुकत नाही. रत्नागिरी, नागपूर, बेंगळुरू आणि मग एकदम गुवाहाटी, आमची दोन्ही मुलं या बदल्यांमध्येच चालायला आणि बोलायला शिकली. दर वेळी ओळखीचं कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढ्याशा पोराला काय कळतंय, दोन दिवसांत रुळेल." नाही रुळत हो. दिवसा रुळल्यासारखं दिसतं, कारण घर नवीन असतं, खोके पसरलेले असतात, पळायला मोकळी जागा असते. खरं काय ते रात्री कळतं. म्हणून सामान बांधणं, पॅकर्सशी घासाघीस वगैरे सगळं मी सोडून देतेय, ते तुम्हाला येतं. मी रात्रीबद्दलच जास्त बोलणार आहे.

निघायच्या आधी

मुलाला "आपण भुर्र फिरायला चाललोय" असं सांगू नका. सगळे सांगतात, रडू नये म्हणून, पण फिरायला गेलेला माणूस घरी परत येतो हे दोन वर्षांच्या मुलाला बरोबर माहीत असतं, मग ते नव्या घरात रोज संध्याकाळी चप्पल घालून दारात उभं राहतं आणि "घरी" म्हणून हट्ट करतं. त्यापेक्षा सरळ सांगा, आता आपण दुसऱ्या घरी राहणार, आई येणार, बाबा येणार, तुझी गोधडी येणार. याच शब्दांत, रोज. सगळं नाही समजलं तरी बरोबर काय येणारे ते समजतं.

लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत. गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर करून घ्या.

मुलाच्या झोपेचं सामान मात्र ट्रकमध्ये टाकायचं नाही, कितीही जड झालं तरी. कोकणातून आसामात ट्रक पोचायला आठवडा तरी धराच, आणि ते दिवस मुलाने कुणाच्यातरी उसन्या चादरीवर काढायचे हे मला मान्य नाही. गोधडी, उशी, रात्री हातात धरून झोपतो ती जी काय बाहुली किंवा ओढणी असेल ती, आणि घडीची मच्छरदाणी, एवढं बरोबर. आणि ते धुवू नका! नव्या घरी स्वच्छ सगळं न्यावं म्हणून आदल्या दिवशी गोधडी धुऊन टाकतात लोक, आणि मग मूल तिला हातही लावत नाही. त्या गोधडीला जुन्या घराचा, तुमच्या अंगाचा वास असतो, तोच तर न्यायचाय. महिनाभराने धुवा.

प्रवास

शक्य असेल तर विमानाने जा, मुंबईहून गुवाहाटीला ट्रेनने दोन दिवसांच्या वर लागतात.

पहिला दिवस

आधी स्वयंपाकघर लावू नका, आधी मुलाची झोपायची जागा लावा. गादी खाली जमिनीवरच टाका, नव्या पलंगाची उंची त्याला माहीत नसते. बाल्कनीला जाळी नसेल तर ती बसेपर्यंत तिकडच्या दाराला वरून कडी. बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली ठेवायची नाही, एवढ्याशा पाण्यातसुद्धा तोल जाऊन मूल बुडू शकतं. आसाम म्हणजे भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात आहे, तिथे कपाटं भिंतीला स्क्रूने पक्की करून घ्या, तशीही मुलं कपाटावर चढतातच.

आता रात्र

आमची खरी परीक्षा इथेच झाली आणि ती सुद्धा गुवाहाटीत. नागपूर-बेंगळुरूला थोडी कुरकूर होऊन गाडी रुळावर आली होती. गुवाहाटीला धाकटा पहाटे साडेचारला उठून बसायचा, दिवसभर चिडचिड, संध्याकाळी जेवता जेवता पेंगायचा आणि रात्री दोनदा-तीनदा घाबरून रडायचा. सगळे म्हणाले नवी जागा आहे म्हणून. अर्धं खरं आहे ते. बाकीचं अर्धं सूर्यामुळे.

बघा, रत्नागिरी साधारण ७३ रेखांशावर, गुवाहाटी जवळपास ९२ वर, दर अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य सव्वा तास आधी उगवतो. पण घड्याळ दोन्हीकडे एकच! जूनमध्ये रत्नागिरीत मिट्ट काळोख असतो तेव्हा, साडेचारला, गुवाहाटीत उजाडलेलं असतं. डिसेंबरात उलट, दुपारी साडेचारच्या सुमाराला अंधार पडायला लागतो. आसामातल्या चहाच्या मळ्यांमध्ये म्हणूनच वेगळी वेळ चालते, त्याला बागान टाइम म्हणतात, आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे, इंग्रजांच्या काळापासून. मोठी माणसं ऑफिसच्या वेळेवर चालतात म्हणून त्यांना एवढं जाणवत नाही. मूल उजेडावर चालतं.

तेव्हा जुन्या गावाच्या वेळा नव्या गावात रेटू नका, हे माझं ठाम मत. इकडे नऊला झोपत होता म्हणून तिकडेही नऊलाच, असं केलंत तर झोपेतला तासभर रोज कापला जातो, कारण पहाटे तो उठणारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्ये एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप सांगितलीय. हिशोब करा आणि सगळा दिवसच तासभर अलीकडे ओढा. म्हणजे नऊऐवजी आठला झोप, जेवण सातला, दुपारची झोप एकऐवजी बाराला. एका दिवसात नाही, दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं. निघायच्या आधी आठवडाभर सुरुवात केलीत तर निम्मं काम जुन्या घरीच होऊन जातं. सकाळी उठल्या उठल्या त्याला बाहेर उजेडात न्या, आणि रात्री झोपायच्या तासभर आधी ट्यूब बंद, झिरोचा बल्ब चालू, टीव्ही-मोबाइल बंद. शरीरातलं घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने सरकतं.

पूर्वेकडची खिडकी झाका. महागडे पडदे येईपर्यंत थांबू नका, काळा चार्ट पेपर काचेला चिकटवा किंवा जाड चादर खिळ्याला अडकवा, फक्त मुलाच्या हाताला लागेल अशी दोरी लोंबकळत ठेवू नका. पाचच्या आधी उठला तर रात्रच आहे असं समजून वागायचं. दिवा नाही, दूध नाही, गप्पा नाहीत, शेजारी पडून राहायचं आणि थोपटायचं.

आता मच्छरदाणी. तिच्याबद्दल मी कितीही बोलू शकते. मच्छरदाणी फक्त डासांसाठी नाही, तीच मुलाची खोली. भिंती बदलल्या, छत बदललं, पंख्याचा आवाज बदलला, पण डोळे उघडल्यावर डोक्यावर तीच निळी जाळी दिसली की मूल अर्ध्या झोपेत घाबरत नाही. जुन्या घरी शेवटचे दोन-तीन आठवडे त्याला मुद्दाम तिच्यात झोपवा, डास नसले तरी, आणि नव्या घरी पहिल्या रात्रीपासून तीच लावा, कडा गादीखाली नीट खोचून. थोरलीच्या वेळी बेंगळुरूला हे केलं होतं, धाकट्याच्या वेळीही केलं, आणि ज्या रात्री कपड्यांच्या ढिगात मच्छरदाणी सापडली नाही त्या रात्री घरात कुणालाच झोप मिळाली नाही.

आवाजांचं पण बघावं लागतं. आमच्या गुवाहाटीच्या घराला पत्रा होता, तिकडे पुष्कळ घरांना असतो, आणि त्यावर रात्रीचा पाऊस म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला आभाळ कोसळल्यासारखं वाटतं. रात्री "काही नाही, काही नाही" म्हणून भागत नाही. ती ओळख दिवसा करून द्यायची. दुपारी पाऊस आला की खिडकीत घेऊन उभं राहा, पत्रा दाखवा, हात बाहेर काढून भिजवा, स्वतः डब्यावर टकटक करून तसाच आवाज काढून दाखवा. लिफ्टचं, रेल्वेच्या भोंग्याचं, शेजारच्या कुत्र्याचं तसंच. जो आवाज दिवसा बघितलाय तो रात्री कमी घाबरवतो.

मधे उठून रडलं तर एकानेच जायचं आणि तेच एक वाक्य म्हणायचं. आमचं होतं "आई इथेच, गोधडी इथेच, झोप." उचलून हॉलमध्ये फिरवू नका, एकदा फिरवलंत की पुढच्या रात्री त्याला फिरायलाच हवं. आणि त्याला वेगळ्या खोलीत एकटं रडू द्या, आपोआप शिकेल, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आपल्याकडे मुलं आईबापाशेजारी झोपतात, नव्या गावात ती आणखी थोडी बिलगली तर बिलगू दे, नंतर सरकवता येतात.

ज्या सल्ल्यांनी मला खरंच राग येतो ते असे. "दिवसभर दमवा, दुपारी झोपू देऊ नका, रात्री मेल्यासारखा झोपेल." अतिदमलेलं मूल झोपत नाही, किंचाळतं, आणि पहाटे आणखी लवकर उठतं, दुपारची झोप कधीच काढून घेऊ नका, फक्त तीनच्या पुढे लांबू देऊ नका. दुसरा सल्ला, "सर्दीचं औषध थोडं पाजा, गुंगी येते." हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. झोपवायला औषध द्यायचं नाही, कधीच नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं लेबलवर छापा, अशी सूचना आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये कंपन्यांना दिलेली आहे, आणि तरी लोक चमच्याने पाजतात. तिसरं म्हणजे झोपायच्या आधी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल. आजीचा जीव तुटतो मला माहितीये, पण स्क्रीनवर आजी दिसते आणि हातात येत नाही, मूल रडून रडून जागं होतं. कॉल सकाळी दूध पिताना करा. माझ्या सासूबाईंना आधी वाईट वाटलं, मग सकाळचा कॉल त्यांच्याच सवयीचा झाला.

आणि या काळात दुसरं काहीही बदलू नका. दूध तोडणं, बाटली सोडवणं, लंगोट सोडवणं, प्लेस्कूल, सगळं दीड-दोन महिने पुढे. चड्डीत करायचं बंद झालेलं मूल परत करायला लागलं तर ओरडू नका, पुसा आणि पुढे व्हा, घर अंगवळणी पडलं की आपसूक थांबतं. महिना उलटला तरी रात्री तसंच चालू असेल, किंवा ताप, कान ओढणं, घोरणं, जेवण तुटणं असं काही दिसलं तर तो घराचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

खाणंपिणं

पहिले काही दिवस तोच मऊ भात, तेच मेतकूट, तीच ताटली. आसामात आंबेमोहराची आठवण यावी असा जोहा तांदूळ मिळतो, बारीक आणि वासाचा, मुलांच्या भाताला फार छान. नाचणीचं सत्त्व मात्र घरून न्या. गुवाहाटीकडे जमिनीतल्या पाण्यात लोह असतं, बादली थोड्या वेळाने पिवळी दिसते, उकळून ते जात नाही, त्यासाठी फिल्टर लागतो. आणि पाणी तपासून घेतल्याशिवाय मुलाला बोअरचं पाणी पाजू नका, कारण ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात काही ठिकाणी आर्सेनिकही सापडतं आणि तेही उकळून जात नाही.

लसी

कार्ड घेऊन पहिल्याच आठवड्यात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो, शिफ्टिंगच्या धांदलीत नेमका तोच राहतो. जपानी मेंदूज्वराची लस फक्त जिथे तो आजार आहे त्या जिल्ह्यांत सरकारी वेळापत्रकात असते, म्हणजे कोकणातून गेलेल्या मुलाच्या कार्डावर ती बहुतेक नसणारच, आणि आसामात हा आजार आहे. स्वतःहून विचारा.

परत पश्चिमेकडे यायचं असेल तर

सगळं उलट करायचं. घड्याळ तेच, पण मूल आठलाच पेंगायला लागेल आणि पहाटे काळोखातच टक्क जागं. पुण्या-मुंबईहून दुबईला गेलेल्या घरांत तर ते संध्याकाळी साडेसहालाच पेंगतं, कारण तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तेव्हा संध्याकाळी त्याला उशिरापर्यंत बाहेर उजेडात खेळवा, सकाळी खोली काळोखी ठेवा, आणि दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं झोप पुढे ढकला. जेवण आणि दुपारची झोपही तेवढीच पुढे न्यायची, नाहीतर नुसती रात्रीची वेळ ढकलून काही होत नाही.